आमची वाटचाल : पडद्याच्या जागी भिंत

आमचं क्लिनिक सुरू झालं ते नेहमीच्या फिजिओथेरपीसाठी. गुडघे, कंबर, मान, आखडलेले खांदे, ऑपरेशननंतरचे व्यायाम. एक मोठी खोली, तीन टेबलं, मधे पडदे. आज आम्ही फक्त बायकांच्या ओटीपोटाच्या आणि योनीमार्गाच्या जुनाट दुखण्यावर काम करतो. पहिल्यांदा फोन करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात, "पण याला फिजिओथेरपी कशी काय?" या प्रश्नाचं उत्तर आणि आमची हकिगत एकमेकांत गुंतलेली आहे, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

सुरुवात कंबरदुखीच्या पेशंटपासून झाली. त्यांना आम्ही लघवी-शौचावर ताबा आहे ना, हे विचारतोच; मणक्यातल्या नसांवर मोठा दाब आला असेल तर ते तिथे लवकर कळतं. "ताबा आहे" असं सांगून होई, व्यायाम होत आणि निघताना, पर्स खांद्याला लावता लावता, खरं दुखणं बाहेर येई. संबंधाच्या वेळी आग होते. फार वेळ बसलं की खाली ठसठसतं. जीन्स घालवत नाही. लघवी तपासली, जंतू नाहीत. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. "रिपोर्ट चांगले आहेत, फार विचार करू नका" एवढंच पदरात घेऊन ती परतलेली असायची. हे सगळं कुजबुजत, कारण पडद्यापलीकडे कुणाचा तरी गुडघा शेकला जात असायचा.

त्यामुळे हे काम नीट करायचं ठरवल्यावर आम्ही पहिला खर्च केला तो भिंतीचा. आतून कडी लागणारं दार, आवाज बाहेर जाणार नाही अशी खोली, लागूनच बाथरूम. तीन टेबलांच्या जागेत एकच टेबल मावलं. उत्पन्नाच्या दृष्टीने हा निर्णय अवघड होता, पण पडद्याआड हे काम होऊच शकत नाही.

आता त्या "कशी काय"चं उत्तर. पुढे जघनास्थी (ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागणारं हाड), मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना बसताना टेकणारी हाडं, यांच्या मधे स्नायूंचे थर आहेत. यांनाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग यांच्यातूनच बाहेर येतात. श्वास घेताना हे स्नायू किंचित खाली उतरतात, सोडताना वर येतात. लघवीला बसलं की सैल होतात, खोकला आला की आवळतात. दुखण्याच्या भीतीने ते आपोआप आकसतात. वारंवार झालेला जंतुसंसर्ग, बाळंतपणातले टाके, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार), वर्षानुवर्षं लघवी रोखून धरायची सवय, यांपैकी कशानेही हे सुरू होऊ शकतं. मूळ कारण बरं होतं, तरी कधीकधी स्नायू आकसलेलेच राहतात. मूठ तासभर घट्ट आवळून ठेवली तर बोटं दुखतात, बधिर होतात आणि उघडताना कळ येते. इथे तर मूठ काही महिने मिटलेली असते आणि बाईला ती मिटली आहे हे जाणवतही नाही. अशा स्नायूंचा एक्स-रे काढून काही दिसत नाही. ते बोटाने तपासावे लागतात.

इथे केगल व्यायामांबद्दल जरा सविस्तर बोलायलाच हवं. १९४८ साली अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी, बाळंतपणानंतर कमजोर झालेल्या स्नायूंसाठी ते आवळण्याचे व्यायाम मांडले. खोकताना, शिंकताना लघवी होत असेल तर ते अतिशय उपयोगी आहेत आणि आम्हीही शिकवतो. पण ज्यांचे स्नायू आधीच आकसलेले आहेत त्यांनी मोबाइलवर बघून दिवसभर आवळत राहिलं तर दुखणं वाढू शकतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आधी मनापासून केगल करून आलेल्या असतात. त्यांना पहिली सूचना हीच असते, की सध्या आवळणं पूर्ण बंद. आधी सोडायला शिकायचं, ताकदीचं नंतर बघू.

पहिली अपॉइंटमेंट तासाभराची असते आणि बहुतेक वेळ बोलण्यातच जातो. कधीपासून, कशाने वाढतं, पाळीशी संबंध आहे का, शौचाला जोर करावा लागतो का, घरातून निघताना "उगाच एकदा" लघवीला जायची सवय आहे का. मग श्वास, पोट, जांघा, खुबे तपासतो. मांडी बाहेरच्या बाजूला वळवणारा एक स्नायू ओटीपोटाच्या आतून सुरू होऊन खुब्यापर्यंत जातो, त्यामुळे खुब्याचं दुखणं आणि आतलं दुखणं पुष्कळदा जोडीने असतं. आतली तपासणी पेशंटने होकार दिला तरच, हातमोजा घालून, एका बोटाने. तो होकार दर वेळी नव्याने घेतो. "थांबा" म्हटलं की हात त्या क्षणी बाजूला होतो, कारण विचारत नाही.

तपासताना आम्ही घड्याळाचे आकडे वापरतो : बारा म्हणजे जघनास्थीकडे, सहा म्हणजे गुदद्वाराकडे. एक एक जागा हलकेच दाबत जायचं आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते विचारायचं. एका पेशंटला चार वाजता काही नाही, पाच वाजता थोडं आणि सातच्या आसपास बोट टेकताच ती म्हणाली, "हेच. हेच दुखतं. इतकी वर्षं मी हेच सांगतेय." बोट तिथेच, दाब न वाढवता ठेवलं. तिला श्वास पोटात घ्यायला सांगितला. मिनिटभराने बोटाखालचा ताण उतरायला लागला आणि दुखण्याचा आकडा आठवरून पाचवर आला. बरं व्हायला पुढे बरेच महिने गेले, पण आपण खोटं सांगत नव्हतो, हे तिला त्या दिवशीच कळलं.

यंत्रं विकणारे सारखे येतात. आम्ही त्यातलं एकच घेतलं, बायोफीडबॅकचं. सेन्सर लावला की स्नायूचा ताण स्क्रीनवर रेघेने दिसतो. "मी सैलच तर सोडलंय" म्हणणाऱ्या पेशंटला आपली रेघ वरच अडकलेली दिसते आणि लांब श्वास सोडताना ती खाली येतानाही दिसते. बाकी सगळं हाताचं आणि घरच्या सरावाचं काम. झोपून पोटाने श्वास, गुडघे छातीशी घेऊन सैल पडून राहणं, शौचाला बसताना पायाखाली स्टूल, साबण आत न लावणं. गरज असेल तर डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला हळूहळू सैल व्हायची सवय लावणाऱ्या गुळगुळीत कांड्या : करंगळीपेक्षाही बारीक आकारापासून सुरू करून, पाण्यात विरघळणारं जेल लावून, पेशंटच्या स्वतःच्या हाताने. पुढचा आकार कधी घ्यायचा ते तीच ठरवते.

पैशांच्या बाबतीत एक नियम पहिल्यापासून पाळला. आगाऊ पॅकेज विकायचं नाही. पॅकेज घेतलं की "भरलेत तर पूर्ण करू" असा दबाव येतो आणि दबाव हाच या दुखण्याचा शत्रू आहे. पेशंट कधीही थांबू शकते. यामुळे काही महिने कॅलेंडर मोकळं राहिलं, भाडं भरताना ओढाताण झाली, तरी नियम बदलला नाही.

डॉक्टरांशी नातं जुळायला वेळ लागला. आम्ही प्रत्येक पेशंटच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना एक पानाचा रिपोर्ट पाठवू लागलो. कुठले स्नायू ताठर, काय केलं, काय बदललं, एवढंच. २०१५ साली योनीमुखाच्या दुखण्याची व्याख्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी एकत्र बसून नव्याने ठरवली : स्पष्ट कारण न सापडता निदान तीन महिने टिकलेलं दुखणं म्हणजे व्हल्व्होडायनिया. त्याच्याशी निगडित बाबींमध्ये त्यांनी स्नायूंचा ताण स्पष्टपणे नोंदवला आहे. याचा आम्हाला बोलताना फार आधार झाला. आमच्याकडूनही पेशंट उलट जातात. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं, बरी न होणारी जखम, ताप, नवीन स्राव यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाला पुष्कळदा डॉक्टरांचं औषध लागतंच, नुसते स्नायू सोडवून भागत नाही. फिजिओथेरपीने एंडोमेट्रिओसिस जात नाही. त्या आजारामुळे आखडलेले स्नायू मात्र मोकळे करता येतात. काही जणींना आमचा फारसा उपयोग झाला नाही, हेही सांगायला हवं. समुपदेशकाकडे पाठवतो तेव्हा आवर्जून सांगतो, की दुखणं मनाचं आहे म्हणून पाठवत नाही. लांबलेल्या दुखण्याने मज्जासंस्थाच जास्त सावध होते आणि तिला शांत करायला दोन्हीकडून काम लागतं.

आता आम्ही दोघी आहोत. माझी सहकारी आली तेव्हा तिने आधी या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलं, जिथे शिकणाऱ्या एकमेकींवरच तपासणीचा सराव करतात. त्या टेबलावर स्वतः झोपून आल्यामुळे ती पेशंटशी कमी घाईने बोलते, असं मला वाटतं. फाइलच्या पहिल्या पानावर पेशंटचं ध्येय तिच्याच शब्दांत लिहायचं, ही कल्पना तिची. त्यात "संबंध सुखाचे व्हावेत" असतं, तसंच "मीटिंग संपेपर्यंत बसता यावं", "डॉक्टरांची तपासणी रडू न येता व्हावी" हेही असतं. नवऱ्याने फोन करून "किती दिवसांत बरी होईल" विचारलं तर आम्ही नम्रपणे सांगतो, की हे तिच्याशी बोलू.

पहिल्यांदा येणार असाल तर आधीचे रिपोर्ट असतील ते घेऊन या, नसतील तर तसंच या. पाळी चालू असली तरी चालतं. सोबत कुणी हवं असेल तर आणा. ती व्यक्ती आत बसेल की बाहेर, ते तुम्ही सांगाल तसं. आतली तपासणी नको असेल तर फोनवरच सांगून ठेवा, त्याशिवायही पुष्कळ काम करता येतं.