नाकातलं १२ ग्रॅम शिसं

नवा ग्लायडर मी जेमतेम चार वेळा उडवून स्पर्धेत उतरवला, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्याची फळं भोगली.

आमचा वर्ग एफ५जे, म्हणजे रिमोटवर उडवायच्या, नाकात छोटी मोटर असलेल्या मॉडेल ग्लायडरांचा. मोटर एकदाच, जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची. ती थांबल्यानंतरच्या दहा सेकंदांपर्यंत गाठलेली कमाल उंची आतला अल्टिमीटर (उंचीमापक) नोंदवतो आणि २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो. त्याच्या वर दर मीटरला तीन. मग उरतं ते हवेतल्या उचलीवर दहा मिनिटं तग धरणं, सेकंदाला एक गुण. खुणेपासून एका मीटरच्या आत उतरलं तर आणखी ५०. मोटर चालू असताना उंचीचा आकडा आपल्याला दिसत नाही. सगळा अंदाजाचा मामला.

माझं जुनं मॉडेल थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, शिरलं की शेपूट उचलून सांगायचं. नवं काहीच सांगेना. सरळ जायचं, देखणं जायचं, आणि थर्मलच्या कडेवरून तसंच निघून जायचं. दुसऱ्या फेरीत साडेपाच मिनिटांत जमिनीवर आलो. पण त्याच फेरीत एक गोष्ट लक्षात आली: वेग घ्यायला नाक खाली केलं आणि स्टिक सोडली, की ते लगेच, हट्टाने वर यायचं. म्हणजे नाक जड होतं. मॉडेलच्या बांधणीच्या नकाशात दिलेला गुरुत्वमध्य मी जसाच्या तसा घेतला होता. तो सुरक्षित असतो, पण इतका स्थिर ग्लायडर हवेची बातमी गिळून टाकतो.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात नाकातलं १२ ग्रॅम शिसं काढलं. गुरुत्वमध्य तीनेक मिलिमीटर मागे सरकला. चाचणी घ्यायला वेळ नव्हता. हात गार पडले होते, हे खरं सांगतो.

तिसऱ्या फेरीत वारा दाखवणारी काठीवरची फीत अचानक लोंबली आणि मग उलट्या दिशेला वळली. मदतनीस ओरडला, "मागे आहे, मागे!" तिकडे वळलो आणि खूप लवकर मोटर बंद केली. काही क्षण शांत. मग डाव्या पंखाचं टोक हलकेच वर उचललं गेलं. इतकं स्पष्ट, की मी बोलायच्या आत बोटं वळली होती. उचललेल्या टोकाच्या बाजूला वळायचं, एवढंच करायचं असतं, पण आधी ते दिसावं लागतं. तीन वेढ्यांत ग्लायडर डोक्यावर लहान होत गेला. मदतनीस मिनिटं मोजत राहिला, मला ऐकूही येत नव्हतं.

९ मिनिटं ५५ सेकंद. सुरुवातीची उंची नोंदली गेली ६४ मीटर, म्हणजे फक्त ३२ गुण गेले.

उतरताना मात्र चुकलो. फ्लॅप (वेग कमी करायला पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) टाकल्यावर नाक उचलू नये म्हणून एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीची, जी भरपाई ट्रान्समीटरमध्ये भरली होती, ती जुन्या गुरुत्वमध्यासाठी होती. आता तीच जास्त झाली, नाक खाली गेलं, आणि ग्लायडर खुणेच्या साडेतीन मीटर अलीकडे टेकला. ३५ गुण. एकूण ५९८.

चौथ्या फेरीची हाक यायच्या आत ती भरपाई थोडी कमी केली. शिसं खिशातच ठेवलं.