बाबांसाठी खारा समुद्र : प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या सहलीची आखणी

2023 च्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे कॅनडाला, टोरंटोजवळच्या मिसिसॉगाला आले. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना पोर्ट क्रेडिटला ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावर नेलं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, सीगल ओरडत असतात. बाबा खाली वाकले, दोन बोटं पाण्यात बुडवून जिभेला लावली आणि म्हणाले, "गोडं आहे गं."

एवढंच. पण त्यांचा चेहरा माझ्या डोक्यातून गेला नाही. देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात ज्यांची बहात्तर वर्षं गेली, ते तीन महिने आमच्या घरात, गुडघ्यावर हात ठेवून, खिडकीतून शेजाऱ्यांचं लॉन बघत बसले होते. पुढच्या वेळी त्यांना खरा समुद्र दाखवायचाच, हे मी तेव्हाच ठरवलं.

2025 च्या जानेवारीत आखणीला लागले. कॅनडाच्या पूर्व टोकाकडचं प्रिन्स एडवर्ड आयलंड हे बेट निवडण्याचं कारण साधं होतं : गाडीने जाता येतं, समुद्र कुठूनही जवळ, आणि माती तांबडी. फोटो पाठवले तेव्हा बाबांनी विचारलं, "हा जांभा आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

विमानाने टोरंटोहून दोन तासांत पोहोचतो, पण पाच तिकिटं आणि तिथे भाड्याची गाडी हा हिशेब आमच्या आवाक्याबाहेर गेला. रस्त्याने साधारण सतराशे किलोमीटर. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. व्हिडिओ कॉलवर अंतरं ऐकून त्यांनी आखीव कागदावर वेळापत्रकच मांडलं : दर दोन तासांनी थांबा, दुपारी पाऊण तास जेवण, अंधार पडल्यावर गाडी नाही. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही दोन मुक्काम धरले, पहिला क्युबेक शहरात, दुसरा न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनला. गूगलचे तास तरुण पाठीचे असतात. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर त्यावर तिसरा हिस्सा वाढवाच.

मग तारखा. बाबांनी पंचांग काढलं आणि म्हणाले, "नारळी पौर्णिमा 8 ऑगस्टला, शुक्रवारी आहे. त्या दिवशी समुद्रापाशी असलो तर बरं." जुलै-ऑगस्टमध्ये तिथली बरीच कॉटेजं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. म्हणून 2 ते 9 ऑगस्ट पक्कं केलं.

आता सगळ्यात जास्त दमवणारा भाग, राहण्याची जागा. बेटाचा मोसम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि चांगल्या जागा लोक वर्ष-वर्ष आधी धरून ठेवतात. जानेवारीच्या शेवटी मला एक कॉटेज मिळालं, आगाऊ रक्कमही भरली. मार्चमध्ये मालकांचा निरोप आला की तोच आठवडा चुकून आणखी कुणाला दिला गेलाय. पैसे परत आले, पण मधले सहा आठवडे हातचे गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी संकेतस्थळांवर नुसतं शोधणं थांबवून सरळ फोन करायला लागले. माझे प्रश्न ठरलेले होते : दारापर्यंत पायऱ्या किती? झोपायची खोली तळमजल्यावर आहे का? आंघोळीला बाथटब ओलांडावा लागतो का? सात-आठ ठिकाणी बाथटबपाशीच घोडं अडलं. आईला गुडघा एवढा उचलता येत नाही. शेवटी स्टॅनहोपजवळच्या एका बाईंनी "थांबा हं" म्हणून फोन ठेवला आणि दहा मिनिटांत मला फोटो पाठवला : न्हाणीघराचा उंबरठा, त्याच्याशेजारी उभी धरलेली मेजरिंग टेप, आणि टेप धरणारा त्यांचा स्वतःचा अंगठा. चार इंच. मी तिथल्या तिथे होकार दिला. जागा भाड्याने देण्यासाठी तिथे प्रांताचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक आणि मुक्काम रद्द झाल्यास काय, हे दोन्ही या वेळी लेखी घेतलं.

जाण्याचे रस्ते दोन. एक कॉन्फेडरेशन पूल, 12.9 किलोमीटरचा, 1997 साली सुरू झालेला, न्यू ब्रन्सविकहून बोर्डन-कार्लटनला पोहोचवणारा. दुसरी नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या कॅरिबूहून वुड आयलंड्सला जाणारी फेरी, साधारण सव्वा तासाची. दोन्हींचे पैसे बेट सोडतानाच द्यायचे असतात, येताना काहीच नाही. म्हणजे फेरीने आत आणि पुलाने बाहेर गेलं की फक्त पुलाचा टोल पडतो. फेरीमुळे ड्रायव्हिंग वाढत होतं. माझा नवरा म्हणाला, "बाबांना डेकवर उभं करायचं असेल तर वाढू दे." पुलाच्या कडेच्या भिंतींमुळे साध्या गाडीतून पाणी फारसं दिसत नाही, हेही एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. टोलसाठी मी 50.25 डॉलर धरून ठेवले होते. निघायच्या आठवड्यातच बातमी आली की 1 ऑगस्टपासून तो 20 डॉलर होणार. त्या उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेशही मोफत होता. वाचलेल्या पैशांत परतीच्या वाटेवर एक मुक्काम वाढवला.

गुरुवारी, 31 जुलैला पहाटे निघालो. डिकीत कुकर, मसाल्याचा डबा, आईची घडीची खुर्ची, तिच्या औषधांची आणि विम्याच्या कागदांची पिशवी, आणि टॉवेलात गुंडाळलेले दोन नारळ.

क्युबेकच्या मुक्कामी एक चूक लक्षात आली. न्यू ब्रन्सविकपासून घड्याळ एक तास पुढे असतं, आणि बाबांच्या कागदावर फेरी सोडली तर सगळ्या वेळा आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या होत्या. तसेच निघालो असतो तर फेरी डोळ्यांसमोरून गेली असती. बाबांनी रात्री दिव्याखाली बसून शनिवारचा अख्खा रकाना खोडून नव्याने लिहिला. वाटेत हार्टलंडचा लाकडी छपराचा पूल लागतो, 391 मीटर लांब, अशा पुलांमध्ये जगात सर्वात मोठा. तिथला थांबा मात्र त्यांनी कापू दिला नाही.

शनिवारी फेरीत गाडी लावून आम्ही वर गेलो. बोट धक्क्यापासून सुटली, वारा अंगावर आला. बाबांनी कठडा धरला आणि ओठांवरून जीभ फिरवली. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. सव्वा तास ते तिथून हलले नाहीत.

बेट टोकापासून टोकापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर लहान दिसतं म्हणून पहिल्या आराखड्यात मी तिथली सगळी दीपगृहं कोंबली होती. एप्रिलमध्ये त्यातलं निम्म्याहून जास्त काढून टाकलं, आणि ते फार बरं केलं. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी किनारा. स्टॅनहोप आणि ब्रॅक्लीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानातला रस्ता समुद्राला लागूनच जातो, त्यामुळे आई थकली त्या दिवशी गाडीत बसूनही समुद्र तिच्यासमोर होता.

वाळूच्या टेकड्यांवर चढायला मनाई आहे. तिथलं गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं आणि पायांखाली ते चटकन मरतं. माझ्या मुलाने पाटी वाचून दाखवली तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्याकडे मर्यादवेल हेच काम करते." मग त्याला ते वेलीची पानं आणि जांभळी फुलं कशी असतात ते सांगत बसले. आठ वर्षांच्या पोराला फारसं समजलं नसेल, पण तो आजोबांचा हात सोडत नव्हता.

जांभ्याच्या प्रश्नाचं उत्तर दक्षिण किनाऱ्यावर मिळालं. अर्गाइल शोअरला ओहोटीच्या वेळी तांबडा किनारा उघडा पडतो आणि मागे तांबडे कडे. बाबांनी पडलेला एक तुकडा उचलला, अंगठ्याने दाबला. त्याची चक्क भुकटी झाली. "हा जांभा नव्हे. जांभा असा चुरत नाही." तो वालुकाश्म आहे. लाली दोघांचीही लोहाची, पण हा दगड मऊ, समुद्र त्याला सहज खातो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये फिओना वादळाने थंडर कोव्हचा कपाच्या आकाराचा प्रसिद्ध खडक एका रात्रीत नेला, हे मी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ त्या कड्यांकडे बघत राहिले.

आईची तऱ्हा वेगळी. तिने मासळीच्या दुकानातून मसल्स, म्हणजे तिथले काळे शिंपले, आणले आणि सवयीने मिठाच्या पाण्यात ठेवले. वाळू निघेचना. तिथे ते दोरांना टांगलेल्या जाळीच्या पिशव्यांत वाढवतात, तळाशी लागतच नाहीत, म्हणून कचकच नाही. ओलं खोबरं आणि कोकम घालून तिने ते केले. मालकीणबाईंना वाटीभर दिले, तर त्या कोकमाचं नाव लिहून घेऊन गेल्या.

शुक्रवारी 8 तारखेला, संध्याकाळी, आम्ही स्टॅनहोपच्या किनाऱ्यावर गेलो. ऊन अजून होतं. बाबांनी धुतलेला नारळ, हळद-कुंकू आणि उदबत्ती आणली होती. उदबत्ती मी लावू दिली नाही, कारण गवत वाळलेलं होतं. नारळ पाण्यात सोडायचा का, असं त्यांनी मला विचारलं. उद्यानात मागे काही टाकायचं नसतं, असं मी सांगितलं आणि सांगताना मला फार वाईट वाटलं. देवगडला दर वर्षी ते बंदरावर जात, होड्यांचा मोसम सुरू होताना बघत.

"मग त्याला दाखवू आणि घरी नेऊ," ते म्हणाले.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले. माझा नवरा एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. नारळ दोन्ही हातांनी धरून त्यांनी तीन वेळा लाटेला टेकवला, तिसऱ्या वेळी लाट जरा मोठी आली आणि मनगटापर्यंत भिजले. आई खुर्चीवरून हात जोडून बघत होती. रात्री तिने तो नारळ फोडला आणि गुळाचा नारळीभात केला. त्यातला डबाभर भात दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर पूल ओलांडून गेला.