न कापलेली केळ

केळीबागांच्या रावेर तालुक्यातल्या माणसाला झाडं बघायला तिकीट काढायला लावणं म्हणजे हलवायाला पेढे विकत घ्यायला लावणं. आबा तिकीटखिडकीसमोरच अडले. "झाडं पाह्याले पैसे? जन्मभर फुकटच पाहून राह्यलो ना आपन!"

त्यांचे गुडघे दाखवायला मुंबईला आलो होतो. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, आणि डॉक्टरांची वेळ संध्याकाळची. मधला दिवस काढायचा म्हणून भायखळ्याची राणीची बाग. आत शिरल्या शिरल्या सगळी पोरंटोरं पेंग्विनकडे पळाली. आम्ही मात्र गुडघ्यांच्या चालीने निघालो, म्हणून झाडं दिसली.

गोरखचिंचेला आबांनी लगेच ओळखलं. मांडूच्या सहलीत पाहिलेली. "मांडूची चिंच इथी कशी?" म्हणत त्यांनी खोडावर थापा मारून पाहिल्या, बैल विकत घेताना मारतात तशा. मूळची आफ्रिकेची, खोडात पाणी साठवते, असं मी सांगितलं. आबा म्हणाले, "मंग आपल्याकडं पायजे."

कैलासपतीपाशी ते गप्प झाले. फांद्या सोडून खोडालाच लगडलेली फुलं. जाड, मांसल, गुलाबी पाकळ्या, आत वाकलेला फणा आणि त्याखाली इवलीशी पिंडी. खाली पडलेलं एक उचलून त्यांनी कपाळाला लावलं आणि सदऱ्याच्या खिशात, डॉक्टरच्या चिठ्ठीशेजारी ठेवलं. वर लटकलेल्या गोल फळांकडे पाहून विचारलं, "वजन किती भरंन?" सवय कुठे जाते!

आणि मग, "अरे, केय!"

केळ नव्हती ती. रॅव्हेनाला, मादागास्करची. लोक तिला प्रवासी ताड म्हणतात, पण ती ताडही नव्हे. नातं केळीशीच जवळचं. पानं एकाच पातळीत मोराच्या पिसाऱ्यासारखी उघडलेली, आणि वाऱ्याने फाटलेली अगदी आमच्या केळीसारखी. आबा बुंध्याशी वाकून पील, म्हणजे बुडातून फुटणारं नवं रोप, शोधू लागले. मग मान वर करून घड शोधला. पानांच्या बेचक्यात होडीच्या आकाराचे टोकदार कोंब तेवढे होते.

"घड नाही येत हिला," मी म्हणालो. "बिया येतात, निळ्या आवरणाच्या."

"मंग ठेवली कशाले?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे केळ पाच बाय पाच फुटांवर लावायची, ठिबक सोडायचं, निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की दिवस मोजायचे, आणि साधारण वर्षाने घड उतरला की खोड कोयत्याने आडवं. पुढचा हिशेब शेजारच्या पिलावर. मे-जूनचं वादळ आलं तर तेवढंही नाही. कडेला वाऱ्याच्या आडोशाला शेवरी लावली तरी दहा मिनिटांत बाग झोपते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गावात पेढे वाटले, पण म्हातारी झालेली केळ मी अजून पाहिलेली नाही. इथली बाग १८६२ सालापासून लोकांना खुली आहे. कुणाला काही द्यायचं नाही, नुसतं उभं राहायचं, एवढ्यावर झाडांना वय मिळालेलं.

आबा बाकावर बसले. तेवढ्यात गावाहून फोन आला; नवती, पिलबाग, वांदी, केळीच्या तिन्ही प्रकारांचे भाव. आबा ऐकत होते, हं हं करत होते, नजर त्या पिसाऱ्यावर. फोन ठेवल्यावर भाव काय झाला ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल काय सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक असतं तेच: वजन कमी करा, मांडी घालून बसू नका.

परत आल्यावर ओट्यावर चार जण जमले. आबा मांडी घालूनच बसले होते. पेंग्विन पाहिले का, कुणीतरी विचारलं.

"नही भो. एक केय पाह्यली. घड नाही, काही नाही. अन् तिले कोनी कापतच नही!"