हलकी एमिरा काढलीच तर कशी काढावी

गेले दोन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी कागद पेन घेऊन बसतो आणि लोटस या ब्रिटिश कंपनीच्या एमिरा या गाडीचं वजन कागदावरच कमी करतो. डोक्यातून जातच नाहीये. एखाद्या स्पोर्ट्स कारची लाइटवेट स्पेशल एडिशन यावी असं मला जेवढं एमिराच्या बाबतीत वाटतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच गाडीबद्दल वाटत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे, जी कंपनी हलकेपणासाठीच ओळखली जाते तिनं 2021 मध्ये हीच आपली शेवटची पेट्रोल गाडी म्हणून सांगितली होती, आणि तीच तिच्या सगळ्यात जड दोन सीटर गाड्यांपैकी एक.

जुलै 2021 मध्ये एमिरा दाखवली तेव्हा सगळ्यात हलक्या व्हर्जनसाठी 1405 किलोचं टार्गेट सांगितलं होतं. प्रत्यक्षात रस्त्यावर आलेल्या गाड्या त्याच्या वर, साधारण 1440-1460 च्या घरात. आता हा आकडा लोटसच्याच जुन्या एलिसशेजारी ठेवा. 1996 ची पहिली एलिस 725 किलो. म्हणजे एका एमिरात जवळजवळ दोन एलिस बसतात. एलिसची चॅसिस फक्त 68 किलोची होती, अॅल्युमिनियमचे एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्यातून दाबून काढलेले लांब पोकळ तुकडे, कापून एकमेकांना इपॉक्सीनं चिकटवलेले, वेल्डिंग नाही, कारण वेल्ड केलं की उष्णतेनं अॅल्युमिनियमची ताकद जाते आणि मग ती भरून काढायला भिंत जाड ठेवावी लागते. रिचर्ड रॅकहॅम या इंजिनियरचं ते काम, आणि आजही मला ते मोटार इतिहासातल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक वाटतं. एमिराची चॅसिस त्याच पद्धतीची आहे, चिकटवलेलं अॅल्युमिनियमच, त्यामुळं वजन तिथून आलेलं नाही. ते आलंय बाकीच्या सगळ्यातून. एअरबॅग, साइड इम्पॅक्टचे नियम, इलेक्ट्रिक सीट, मोठी स्क्रीन, कपहोल्डर, इन्सुलेशन, 20 इंची चाकं. यातलं एकही चुकीचं नाही, कारण एलिसमध्ये चढता-उतरता येत नाही म्हणून जे लोक पोर्श घ्यायचे त्यांच्यासाठी एमिरा बनवलीय आणि ते काम ती चोख करते.

माझं हे वजनाचं वेड घरचंच आहे. बाबांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप होतं, फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग काट्यावर ठेवल्याशिवाय मशीनवर चढायचं नाही हा नियम. वजन जास्त भरलं म्हणजे कुठंतरी भिंत जाड आलीय, आणि ते जास्तीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आपल्याच टूलनं आपल्याच वेळेत काढायचंय. शाळेतून आलो की मी काट्याजवळ उभा राहून वहीत ग्रॅम लिहायचो. आता इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडं 1998 ची एलिस आहे, आणि त्यानं एका रविवारी मला नॉर्फकच्या छोट्या रस्त्यांवर ती चालवायला दिली, विंडमकडून हेथेलच्या बाजूला, जिथं लोटसची फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या हवाईतळावर 1966 पासून आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्वो नाही, काच हातानं फिरवून खाली घ्यायची, पायाखाली उघडं अॅल्युमिनियम. इंजिन 1.8 लिटर, फक्त 118 हॉर्सपॉवर. पण वळणावर गाडी कुठं जायचं हे विचारायच्या आधीच वळलेली असते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा हातात कळतो. मी परत आल्यावर अर्धा तास काहीच बोललो नाही.

तर मग हलकी एमिरा निघालीच तर किती हलकी होईल?

आधी आकड्यांचा एक घोळ समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. लोटसची एक्सिज कप 430, 2017 ची, तिचं वजन 1056 किलो असं सगळीकडं लिहिलेलं असतं. पण ते ड्राय वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइल-पाणी काहीही न धरता, आणि सगळे हलके ऑप्शन लावून. डीआयएन या जर्मन मानकाच्या पद्धतीत टाकी 90 टक्के भरलेली धरतात, आणि युरोपियन युनियनच्या पद्धतीत त्यावर आणखी ड्रायव्हरचे 75 किलो. त्यामुळं एकाच गाडीची तीन वजनं असू शकतात आणि तिन्ही खरी. कुठल्याही स्पेशल एडिशनचा 'एवढे किलो कमी' हा आकडा वाचताना कशाच्या तुलनेत आणि कुठल्या पद्धतीनं हे आधी बघायचं.

माझ्या कागदावरचा हिशोब असा, सगळे आकडे माझे अंदाज. शिसं-आम्लाची बॅटरी काढून लिथियम लावली की दहा-बारा किलो. टायटेनियम एक्झॉस्ट, आणखी दहा, एक्सिज कप 430 लाही लोटसनं एवढेच वाचवले होते. दोन इलेक्ट्रिक सीट काढून कार्बन फायबरच्या फिक्स बकेट सीट घेतल्या तर वीस-पंचवीस. मागची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची केली तर तीन-चार. स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि इन्सुलेशनचे थर मिळून दहाएक. पुढचं-मागचं झाकण आणि छत कार्बनचं केलं तर दहा-पंधरा. आणि चाकं, ज्याबद्दल मी खाली वेगळं बोलणार आहे. सगळं मिळून ऐंशी ते नव्वद किलो.

फेरारी आणि मॅकलारेनचा इतिहास बघितला तर हा आकडा बरोबर बसतो. 2003 च्या 360 चॅलेंज स्ट्राडालेत फेरारीनं 110 किलो काढले होते, 458 स्पेशालेत 90, मॅकलारेन 675 एलटीत 100. म्हणजे एकदा डिझाइन होऊन गेलेल्या गाडीतून शंभराच्या आसपासच निघतात, कारण राहिलेलं वजन चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि क्रॅश स्ट्रक्चरमध्ये असतं आणि तिथं हात लावायचा म्हणजे नवी गाडी बनवायची. आमच्या कोल्हापुरात कुस्तीच्या आधी वजन गटात बसायला काही पैलवान पाणी तोडतात, एका रात्रीत चार किलो उतरतात, पण हाडं तीच असतात ना.

म्हणूनच मला वाटतं की या एडिशनचं यश काट्यावरच्या एकूण आकड्यावर ठरू नये. कुठले किलो काढले त्यावर ठरावं. आणि इथं मला अल्पीन या फ्रेंच कंपनीचं प्रचंड कौतुक आहे. 2022 ची ए110 आर 1082 किलोची, म्हणजे ए110 एस पेक्षा फक्त 34 किलो कमी, ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्यातले साडेबारा किलो एकट्या कार्बनच्या चाकांमधून आलेत! चाकातला किलो हा बॉडीतल्या किलोसारखा नसतो, तो स्प्रिंगच्या खाली असतो, खड्ड्यावर चाक वर उडालं की त्याला परत रस्त्यावर आणायचं काम डॅम्परला (शॉक अॅब्सॉर्बरला) करावं लागतं, शिवाय तो फिरतो सुद्धा, त्यामुळं प्रत्येक वेळी अॅक्सिलरेटर दिला किंवा ब्रेक मारला की त्याला पुढं ढकलण्याच्या जोडीला गोल फिरवायची किंवा थांबवायची पण ताकद लागते. तिथला एक किलो कमी झाला की ड्रायव्हरला हातात कळतो. आणि अल्पीननं इंजिनला हातच लावला नाही, एस चे 300 तेच आर चे 300. याच्या बरोबर उलटं पोर्शनं केमन जीटी4 आरएस मध्ये केलं, 911 जीटी3 चं 500 हॉर्सपॉवरचं इंजिन टाकलं जे 9000 आरपीएमला जातं. ती गाडी अफाट आहे यात वादच नाही, पण तिचं नाव निघालं की लोक आवाजाबद्दल बोलतात, वजनाबद्दल कुणी बोलत नाही.

एमिरानं अल्पीनचा रस्ता धरावा आणि त्याच्याही पुढं जावं असं माझं ठाम मत आहे. कार्बनची 20 इंची चाकं नकोत. चाकंच लहान करा. पुढं 18, मागं 19, टायर एक साइज अरुंद. चाक लहान झालं की टायर हलका होतो, आणि गाडीच नव्वद किलोनं हलकी असेल तर ब्रेक डिस्कही थोडी लहान चालते, मग चाक धरून ठेवणारा अपराइट, मग स्प्रिंग. एक किलो काढला की तो दुसऱ्याला सोबत घेऊन जातो. आणि यात महागडं कार्बन कुठंच लागत नाही. मोठं चाक शोरूममध्ये छान दिसतं हे मला मान्य आहे, पण ही गाडी शोरूमसाठी नाहीये. बाबांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तर त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, अरे चाकं एवढी मोठी कशाला?

इंजिनचा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला. मर्सिडीजच्या एएमजीचं चार सिलिंडरचं दोन लिटर टर्बो की टोयोटाचं 3.5 लिटर सुपरचार्ज्ड व्ही6? कागदावर चार सिलिंडर हलकं असायला पाहिजे, पण त्याच्यासोबत आठ गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो आणि मिळवलेलं वजन बरंचसं तिथंच परत जातं. व्ही6 चा दोष असा की सुपरचार्जर इंजिनच्या डोक्यावर बसतो, म्हणजे वजन उंचावर. तरीही मी व्ही6 घेईन, कारण मॅन्युअल गिअरबॉक्स फक्त त्याच्यासोबत मिळतो आणि गिअरच्या दांड्याखालची ती उघडी जोडणी, म्हणजे लिंकेज, जी हलताना डोळ्याला दिसते, ती या गाडीचा जीव आहे. हॉर्सपॉवर 400 तेवढीच ठेवायची. एक सुद्धा वाढवायची नाही. वाढवली की कूलिंग वाढतं, टायर रुंद होतो, आणि आपण परत जिथून निघालो तिथं.

स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, त्याला कुणी हात लावू नये. एसी ठेवा, तो काढून उगाच आकडा कमी दाखवायचा आणि मग दहातल्या नऊ गिऱ्हाइकांनी ऑप्शन म्हणून परत बसवून घ्यायचा, यात काही अर्थ नाही. स्क्रीन काढा. दाराच्या आतलं पॅनेल पातळ करा. विंग लावू नका, मागचा भाग आहे तसाच फार देखणा आहे.

भारतात लोटस 2023 मध्ये अधिकृतपणे आली आणि 2024 मध्ये साधी एमिराच आपल्याकडं तीन कोटींच्या पुढं होती, त्यामुळं अशी गाडी कोल्हापूरच्या रस्त्यावर दिसेल ही आशा मी धरत नाही. पण हेथेलच्या कुंपणाबाहेर उभा राहून ती टेस्ट ट्रॅकवर फिरताना ऐकायला मला फार आवडेल.

काल रात्री सगळं परत एकदा बेरीज केलं. टाकी भरून, ड्रायव्हर न धरता, एसीसकट, मॅन्युअल, 18 आणि 19 ची चाकं: 1355 किलो. रंग पिवळा.