हाय सिएरावर चाललंच पाहिजे

माझं छोटं कमांड-लाइन टूल वापरणाऱ्यांत डीटीपीवाली मंडळी बरीच आहेत. काहींकडे अजून २०११चा आयमॅक आहे आणि तो अधिकृतपणे हाय सिएराच्या, म्हणजे मॅकओएस १०.१३च्या पुढे जात नाही. मशीन ठणठणीत आहे, रोज त्यावरून पानं छपाईला जातात. अशा माणसाला ‘नवा मॅक घ्या’ म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. म्हणून माझं डिप्लॉयमेंट टार्गेट १०.१३ आहे.

एसडीके, म्हणजे ॲपलचा हेडर-लायब्रऱ्यांचा संच, मात्र मी नवाच वापरतो. या दोन्हींत हमखास गल्लत होते. कोणती फंक्शन्स दिसतील ते एसडीके ठरवतं, प्रोग्राम किमान कुठे चालायला हवा ते टार्गेट. टार्गेट दिलं की क्लँग हा कम्पायलर हेडरमधल्या अव्हेलेबिलिटीच्या खुणा, म्हणजे कोणतं फंक्शन कुठल्या आवृत्तीत आलं ते, तपासतो. सी++ची फाइलसिस्टम लायब्ररी १०.१५ला आली, तर ती वापरताच सरळ एरर येते. मला हे फार आवडतं.

खरी डोकेदुखी कॉन्फिगर स्क्रिप्टची, म्हणजे बांधणीआधी सिस्टिममध्ये काय काय आहे ते तपासणाऱ्या स्क्रिप्टची. ‘अलाइन्ड_अलॉक’ हे फंक्शनही १०.१५चंच. कॉन्फिगर ते आहे का हे बघायला एक चिमुकला प्रोग्राम लिंक करतं, पण खरं हेडर न घेता, फंक्शन स्वतःच डिक्लेअर करून. त्यामुळे खुणा वाचल्याच जात नाहीत. नव्या एसडीकेत सिम्बॉल सापडतो आणि उत्तर येतं ‘येस’. पुढे खऱ्या कोडमध्ये हेडर येतं, फंक्शन वीक लिंक होतं (म्हणजे ‘नसलं तरी चालेल’ अशा बोलीवर जोडलं जातं), आणि हाय सिएरावर प्रोग्राम अगदी व्यवस्थित सुरू होतो. ते फंक्शन बोलावलं की पत्ता शून्य, क्रॅश! सुरूच झाला नसता तर परवडलं असतं. इथे वापरणाऱ्याला वाटतं आपलीच फाइल बिघडली.

म्हणून मी कॅशे व्हेरिएबल देऊन कॉन्फिगरला आधीच ‘नो’ सांगून ठेवतो, आणि ‘अनगार्डेड अव्हेलेबिलिटी’ची (नवं फंक्शन न तपासता वापरल्याची) वॉर्निंग एररमध्ये बदलतो.

लायब्रऱ्यांचं पुन्हा वेगळंच. होमब्रू या पॅकेज मॅनेजरच्या ‘बाटल्या’, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली पॅकेजेस, ठरावीक मॅकओएससाठी बांधलेल्या असतात, त्या सोबत देऊन भागत नाही. म्हणून लायब्रऱ्या मी सोर्समधून, त्याच टार्गेटने बांधतो. मग प्रत्येक डायलिबवर, म्हणजे बांधलेल्या लायब्ररीच्या फाइलवर, ‘ओटूल -एल’ (लहान लिपीतला एल) चालवून किमान आवृत्ती वाचतो. एकीवर जरी १०.१३ऐवजी १४.० दिसलं तरी झिप अपलोड होत नाही.