वॉटर-सोर्स हीट पंप: गॅसला हात लावण्याआधी पाणी तपासा

हीट पंप लो प्रेशरवर ट्रिप झाला (गॅसचा दाब फार कमी पडून आपोआप थांबला) की मेकॅनिक आधी प्रेशर गेज लावतो आणि गॅसचा (रेफ्रिजरंटचा) सिलिंडर मागवतो. हॉटेल-हॉस्पिटलांतल्या वॉटर-टू-वॉटर मशीनच्या, म्हणजे एका पाण्यातली उष्णता उचलून दुसरं पाणी तापवणाऱ्या हीट पंपाच्या बाबतीत ही घाई महागात पडते. गळती नसेल तर गॅस कुठेही जात नाही. पाण्याचा फ्लो (प्रवाह) मात्र एका चोंदलेल्या स्ट्रेनरने (पाइपमधल्या गाळणीने) निम्म्यावर येतो, आणि गेजवर गॅस कमी असणं आणि पाणी कमी असणं या दोन्हींची लक्षणं जवळपास सारखीच दिसतात.

आपल्याकडे हे मशीन सर्वांत फायद्याचं ठरतं ते सेंट्रल एसी असलेल्या हॉटेलात. चिल्ड वॉटरच्या रिटर्नमधली (एसीकडून चिलरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे, परतणाऱ्या पाण्यातली) उष्णता उचलून ते आंघोळीचं पाणी तापवतं, आणि तेवढाच चिलरवरचा भार हलका होतो. रोज १०,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं तर साधारण ३५० युनिट उष्णता लागते. ३५ किलोवॅटचं मशीन दहा तासांत ती देतं. सीओपी (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) साडेतीन धरला तर वीज लागते ताशी १० युनिट, म्हणजे दिवसाला १०० (पंपांची वेगळी). गीझरला तीच उष्णता द्यायला पूर्ण ३५० युनिट जातात.

आता फ्लो. पाच अंशांच्या फरकासाठी एका किलोवॅटला मिनिटाला २.८७ लिटर पाणी लागतं. वरच्या मशीनमध्ये इव्हॅपोरेटर (पाण्यातून उष्णता उचलणारा भाग) २५ किलोवॅट उचलतो, तिथे मिनिटाला ७२ लिटर, कंडेन्सरला (पाण्याला उष्णता देणारा भाग, ३५ किलोवॅट) १००. इव्हॅपोरेटरमध्ये १२ अंशांचं पाणी शिरून ७ अंशांनी बाहेर पडायला हवं. फ्लो निम्मा झाला तर तेच पाणी २ अंशांकडे जाऊ लागतं आणि ४ अंशांवर लावलेला अँटीफ्रीझ कटआउट (पाणी गोठू न देणारा सुरक्षा स्विच) मशीन थांबवतो. हा कटआउट कधीही बायपास करू नये. पाणी प्लेटमध्ये गोठलं की ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजर (पाणी आणि गॅस यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण करणारा, झाळून जोडलेल्या प्लेटांचा भाग) आतून फाटतो, पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं आणि कॉम्प्रेसरही जातो. बायपास करणाऱ्या त्या एका जंपरची (वायरच्या तुकड्याची) किंमत जवळजवळ नव्या मशीनएवढी होते.

म्हणून बसवताना दोन्ही बाजूंच्या इनलेटवर वाय स्ट्रेनर हवाच, जाळी किमान २० मेशची (इंचाला २० भोकं). इन-आउट दोन्हीकडे थर्मामीटर आणि प्रेशर गेज, फ्लो जुळवायला एक बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, हवा काढायला सर्वांत उंच जागी एअर व्हेंट. फ्लो स्विचच्या (पाणी वाहत नसेल तर मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या) आधी आणि नंतर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी सोडावी. एल्बोला लागून बसवलेला स्विच पाण्याच्या खळबळीने फडफडतो, आणि वैतागून कुणीतरी त्याच्या वायर जोडून टाकतं. एक्स्चेंजरला लागून, आयसोलेशन व्हॉल्व्हच्या आत, दोन जादा टी आणि बॉल व्हॉल्व्ह ठेवा. खर्च किरकोळ असतो, पण ते नसतील तर डिस्केलिंगच्या (क्षाराचा थर काढण्याच्या) दिवशी पाइप कापावा लागतो.

नवी लाइन मशीनमधून फ्लश करू नका. इन आणि आउट बायपासने जोडून आधी पाइप धुवा, स्ट्रेनर काढून साफ करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. वेल्डिंगचा कचरा आणि जीआयचा गंज प्लेटच्या अरुंद वाटांत एकदा अडकला की सहज निघत नाही.

गरम बाजूचा खरा शत्रू क्षार. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड (क्षारयुक्त) असतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापलं की जास्त बसतं, त्यामुळे थर आधी कंडेन्सरवर धरतो. बोअरचं पाणी थेट कंडेन्सरमधून फिरवण्याऐवजी मध्ये गॅस्केटवाला प्लेट हीट एक्स्चेंजर टाकावा, असं माझं ठाम मत आहे. मशीनकडच्या बंद लूपमध्ये सॉफ्ट पाणी फिरतं, आणि क्षार बसलाच तर उघडून ब्रशने घासता येईल अशा ठिकाणी बसतो. तापमानात दोन-तीन अंशांचं नुकसान होतं, ते सोसावं.

थर धरलाय हे हाय प्रेशर ट्रिप होण्याच्या कितीतरी आधी कळतं. मशीनमध्ये आर-१३४ए हा गॅस असेल तर हाय साइड (जास्त दाबाच्या बाजूच्या) गेजवर २२९ पीएसआय म्हणजे कंडेन्सिंग (गॅसचा द्रव होण्याचं तापमान) ६० अंश. या तापमानातून कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करा. स्वच्छ प्लेटमध्ये हा फरक दोन ते चार अंश असतो. फ्लो ठीक असूनही तो सात-आठवर गेला तर डिस्केलिंग करा. पाण्याच्या इन-आउट तापमानांमधला फरकच वाढलेला असेल तर दोष फ्लोमध्ये आहे: स्ट्रेनर, हवा किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्ह. हे आकडे लॉगबुकात रोज एकाच वेळी लिहिले तरच उपयोगी पडतात.

डिस्केलिंगला पाच टक्के सायट्रिक ॲसिड, छोटा पंप आणि बादली पुरते. द्रावण नेहमीच्या उलट दिशेने फिरवा, अधूनमधून पीएच पट्टी बुडवा. पीएच चढला म्हणजे ॲसिड खर्ची पडलं, नवं घाला. तो स्थिर राहिला की काम झालं. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून भरपूर धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त असलं तरी वापरू नका. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसच्या प्लेटला भोकं पाडतं.

थंडीतली तक्रार वेगळी. पहाटे गरम पाण्याला सर्वाधिक मागणी असते, तेव्हा एसी जवळपास बंद असतो, रिटर्न थंड पडतो आणि मशीन ट्रिप होतं. गरम पाण्याची टाकी दिवसभराच्या गरजेएवढी मोठी ठेवून दुपारी, एसी चालू असताना भरावी. उष्णतेसाठी कूलिंग टॉवरचं पाणी वापरायचं असेल तर मिक्सिंग व्हॉल्व्ह (थंड पाणी मिसळून तापमान आटोक्यात ठेवणारा) लागतो. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा गरम पाणी इव्हॅपोरेटरला दिलं तर सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब) चढतं आणि मोटर ओव्हरलोड होते.

लांब बंदनंतर सुरू करताना क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवणारा) आधी किमान बारा तास चालू ठेवा. स्क्रोल कॉम्प्रेसर खडखडला आणि दोन्ही गेज जागचे हलले नाहीत तर लगेच बंद करून फेज सीक्वेन्स (तीन फेजचा क्रम) तपासा. ट्रान्सफॉर्मर किंवा केबलच्या कामानंतर फेज उलटलेले असू शकतात. दोन फेज आपसात बदलले की तो नीट फिरतो.