तुम्ही विचारलंत म्हणून: त्या लवेत तेल असतं का?

डिटनी या सुगंधी झुडपाचं वाळलेलं पान बघायला दिलं की बहुतेक जण हेच विचारतात: "ही पांढरी लव आहे ना, वासाचं तेल हिच्यातच असतं का?"

तसं वाटणं साहजिक आहे. पानं गोलसर, जाड, लोकरीत गुंडाळल्यासारखी. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या घळींत, कड्यांच्या फटींत हे झुडूप वाढतं. मुळात ते तिथलंच, हे थिओफ्रास्टस या प्राचीन ग्रीक वनस्पती-अभ्यासकानं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. शास्त्रीय नाव ओरिगॅनम डिक्टॅम्नस, ग्रीक लोकांचं डिक्टामो.

पण ती लव कोरडी असते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती फांद्या फुटलेल्या केसांची दाट जाळी. तेल या जाळीच्या आड, पानाच्या किंचित खोलगट जागी बसलेल्या ग्रंथींत असतं. बुडाशी एक पेशी, तिच्यावर आखूड देठाची एक आणि वर बारा पेशींचं चपटं डोकं. या बारा पेशी तेल तयार करतात, पण स्वतःत साठवत नाहीत. ते बाहेर पडून वरच्या उपत्वचेखाली, म्हणजे पेशींवरच्या पातळ मेणचट पापुद्र्याखाली, जमतं आणि उपत्वचा घुमटीसारखी फुगते. पान चुरगाळलं की घुमट्या फुटतात आणि दरवळ सुटतो. मला हे फार सुंदर वाटतं: पान वाळून कुरकुरीत झालं तरी त्या घुमट्या मिटलेल्याच राहतात.

मला त्या सुरुवातीला दिसल्याच नव्हत्या. पानाचा छेद, म्हणजे पातळ काप, स्वच्छ दिसावा म्हणून मी अल्कोहोलात ठेवत होते, त्यात तेल विरघळून जायचं. मग ताजा आडवा छेद घेतला, सुदान-३ या तेलाला रंगवणाऱ्या रंगात थोडाच वेळ ठेवला, आणि घुमट्या नारिंगी-लाल उठून दिसल्या.

या तेलातला मुख्य घटक कार्व्हाक्रॉल. ओव्यातल्या थायमॉलचा हा सख्खा भाऊ: दोघांचं सूत्र C₁₀H₁₄O, फरक फक्त हायड्रॉक्सिल (OH) गटाच्या जागेचा. सोबत पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन ही संयुगं सापडतात. यातलं गॅमा-टर्पिनीन म्हणजे वनस्पतीत कार्व्हाक्रॉल तयार होण्याआधीची पायरी. कार्व्हाक्रॉल उकळतं सुमारे 237 अंश सेल्सियसला, पण पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 अंशांच्या आतच निघून येतं, म्हणून वाफेवरच्या ऊर्ध्वपातनानं तेल मिळतं.

ग्रंथी स्वतः बघायच्या असतील तर फुलांजवळची जांभळट सहपत्रं, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारी छोटी पानं, घ्या. तिथे लव विरळ असते, दहापटीचं भिंग पुरतं. प्रकाश तिरका पाडा. चमकणारे ठिपके दिसतील.